डीआयडी लावण्याआधी येणारे आकडे मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकण एमआयडीसीत ऑफिस आणि शॉप फ्लोअर मिळून सत्तरेक एक्सटेन्शन आहेत. आयपी पीबीएक्स, म्हणजे नेटवर्कवर चालणारं ऑफिसचं स्वतःचं एक्सचेंज, घेतलेला आहे, पण बाहेरच्या लाइनी अजून आठ ॲनालॉगच, म्हणजे जुन्या दोन तारांच्या. सगळे कॉल रिसेप्शनवर पडतात आणि तिथून ट्रान्स्फर होतात. आता परचेस, सेल्स, सर्व्हिस आणि अकाउंट्सच्या लोकांना बाहेरून थेट टेबलावर फोन यायला हवा, म्हणजेच डीआयडी (डायरेक्ट इनवर्ड डायलिंग) हवं, आणि व्हेंडर म्हणतो की आहे त्याच लाइनींवर सेटिंग करून देतो.

सेटिंगने होणार नाही. ॲनालॉग लाइनीवर एक्सचेंज फक्त घंटीचा करंट सोडतं. या जोडीवर कॉल आलाय एवढंच पीबीएक्सला कळतं, फार तर कॉलर आयडी मिळतो. समोरच्याने कोणता नंबर फिरवला हे त्या दोन तारांतून येतच नाही. व्हेंडर जे करून देईल त्याला आमच्या लायनीत डीआयएल म्हणतात: तीन नंबरची लाइन वाजली की परचेसचं एक्सटेन्शन वाजवायचं. आठ लाइनी, आठ माणसं. शिवाय एकदा लाइनी अशा वाटून टाकल्या की मेन नंबरचं हंटिंग, म्हणजे एक लाइन गुंतली की कॉल पुढच्या रिकाम्या लाइनीवर जाणं, मोडतं आणि दोन लाइनी रिकाम्या असूनही बाहेरच्याला एंगेज ऐकू येतं. जीएसएम गेटवेमध्ये, म्हणजे मोबाइल नेटवर्क पीबीएक्सला जोडणाऱ्या डब्यात, सिमकार्डं घालून हाच प्रकार करतात, त्यालाही डीआयडी म्हणून विकतात.

खऱ्या डीआयडीत नंबर आणि लाइन यांची गाठ सोडवलेली असते. टेलिफोन कंपनीकडून नंबरांचा गठ्ठा मिळतो, सहसा शंभराचा, आणि बोलायला चॅनल, म्हणजे एका वेळी एक कॉल वाहणारे मार्ग, मिळतात त्याहून बरेच कमी. प्रत्येक कॉलबरोबर एक्सचेंज फिरवलेला नंबर आकड्यांत पाठवतं आणि तो वाचून कोणतं एक्सटेन्शन वाजवायचं ते पीबीएक्स ठरवतो. त्यासाठी पीआरआय किंवा सिप ट्रंक हवाच. ट्रंक म्हणजे कंपनी ते पीबीएक्स ही जोडणी, आणि सिप म्हणजे ती डेटा नेटवर्कवरून करण्याची पद्धत.

दोन्हींतलं काय घ्यावं? पीआरआय म्हणजे दोन एमबीपीएसची ई-वन लाइन: बत्तीस टाइमस्लॉट, त्यातले तीस बोलण्यासाठी, शून्य क्रमांकाचा सिंक्रोनायझेशनला आणि सोळावा सिग्नलिंगला. तुमच्या पीबीएक्समध्ये पीआरआय कार्ड आधीच असेल तर घ्या, भरवशाची गोष्ट आहे. कार्ड विकत घ्यावं लागणार असेल तर आज त्यात पैसे घालू नका, सिप घ्या. ट्रंकचे कॉलही जवळजवळ सगळीकडे फायबरवरूनच येतात. पीआरआय मागितला तरी पुष्कळदा कंपनी फायबर आणते आणि तुमच्या दारात एका डब्यातून ई-वन काढून देते.

चॅनल किती, हे अंदाजाने ठरवू नका. सगळ्यात गर्दीचा तास धरा, बहुतेक ठिकाणी सकाळी अकरा ते बारा. त्या तासात येणारे-जाणारे मिळून शंभर कॉल आणि सरासरी तीन मिनिटं बोलणं असेल, तर तीनशे मिनिटं भागिले साठ, म्हणजे पाच अर्लांग (एका वेळी सरासरी पाच कॉल चालू). शंभरात एकच कॉल अडला तर चालेल असं धरलं तर पाच अर्लांगला अकरा चॅनल पुरतात. मोबाइलवर फॉरवर्ड होणारा प्रत्येक कॉल दोन चॅनल खातो, एक आत येताना आणि एक बाहेर जाताना. सर्व्हिसवाले निम्मा दिवस साइटवर असतात, म्हणून तुम्ही पंधरा घ्या. जी ७११ कोडेकला, म्हणजे आवाज डेटात बदलण्याच्या नेहमीच्या पद्धतीला, एका कॉलला नव्वदेक केबीपीएस लागतात, म्हणजे पंधरा कॉलना दीड एमबीपीएसच्या आत काम भागतं. बँडविड्थ ही अडचण नाही. ऑफिसच्या इंटरनेटवरच ट्रंक चालवायचा आणि तेवढ्यात कुणीतरी मोठी ड्रॉइंग फाइल अपलोड करायची, ही खरी अडचण. ट्रंकसाठी कंपनीचा वेगळा फायबर पेअर किंवा निदान वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारेवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क, मागा.

फॉर्मवर सही करण्याआधी एक गोष्ट. आपल्याकडे नंबर पोर्ट करण्याची सोय मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. कंपनी बदलली की अख्खा गठ्ठा बदलतो आणि सत्तर लोकांची व्हिजिटिंग कार्डं रद्दीत जातात. म्हणून दर मिनिटामागे चार पैसे कमी सांगणाऱ्यापेक्षा तुमच्या गल्लीत ज्याचा फायबर तुटल्यावर माणूस चार तासांत येतो, तो घ्या. शेजारच्या दोन कंपन्यांत चहाला जाऊन विचारा, ब्रोशरपेक्षा खरं उत्तर मिळेल. नंबरही त्या-त्या स्थानिक क्षेत्राला बांधलेले असतात. चाकणचा कोड ०२१३५ आणि पुढे सहा आकडे. पुण्याचा ०२० हवा म्हणून अडून बसणारे साहेब भेटतात, त्यांना हे आधीच सांगून टाका.

आता नंबरांचा तक्ता. मशिनीला हात लावण्याआधी हा कागदावर करा, एक्सेलमध्ये करा, कशातही करा, पण करा. समजा तुमच्या गठ्ठ्याचे शेवटचे तीन आकडे १०० ते १९९ आहेत. पहिला मोह होतो की एक्सटेन्शनही १०० ते १९९ करून टाकू, म्हणजे बाहेरचा आणि आतला नंबर सारखा. हे करू नका. १०० पोलिसांचा, १०१ अग्निशमन दलाचा, १०८ रुग्णवाहिकेचा आणि ११२ एकत्रित मदतीचा नंबर. प्रेस शॉपमध्ये अपघात झाला, कुणी घाबरून ११२ दाबलं आणि स्टोअरमधला फोन वाजला, तर ते तुमच्या डोक्यावर. एकपासून सुरू होणारं एकही एक्सटेन्शन ठेवू नका. शून्य बाहेरच्या लाइनीसाठी आणि नऊ ऑपरेटरसाठी गेलेले असतात. तुमची एक्सटेन्शन सध्या २०१ ते २७० आहेत, ती उत्तम आहेत. मग नियम एका ओळीचा: येणाऱ्या नंबराचे शेवटचे दोन आकडे ठेवायचे आणि पुढे २ लावायचा. बाहेरून १४५ वर आलेला कॉल २४५ वर वाजतो. माणसांच्या लक्षात राहतं आणि सत्तर ओळी हाताने भरायच्या राहत नाहीत. १०० हा पायलट, म्हणजे मेन नंबर. तो रिसेप्शनला किंवा स्वागताच्या रेकॉर्डिंगला जाईल. १७१ ते १९९ रिकामे ठेवा. फॅक्स कुणी अजून वापरत असेल तर त्याला जुनी ॲनालॉग लाइनच ठेवा, सिपवर फॅक्स चालवण्यात कुणाचंच भलं नाही.

नावांपुढे नंबर टाकताना जरा हात आखडता घ्या. डीआयडी दिलं की रिसेप्शनची गाळणी गेली. अकाउंट्समध्ये ज्या मुलीला पेमेंटच्या चौकशीचे फोन येतात तिला नंबर हवाच, पण परचेस मॅनेजरला थेट नंबर दिलात तर आठवड्याभरात प्रत्येक बेअरिंग विकणाऱ्याच्या डायरीत तो जातो. मी सहसा सुचवतो की विभागाला एक डीआयडी आणि त्यामागे रिंग ग्रुप (विभागातल्या फोनांचा गट), आणि ज्यांना खरोखर ग्राहक ओळखतात त्यांनाच स्वतःचा. मालकांचा थेट नंबर असावा, पण तो एक्सटेन्शनवर नाही, त्यांच्या सेक्रेटरीच्या फोनवर वाजावा.

ट्रंक लागला की व्हेंडरचा पोरगा लगेच तक्ता भरायला बसेल. त्याला थांबवा. आधी एकही नियम न लावता सगळे येणारे कॉल एका एक्सटेन्शनवर सोडा, ट्रेस, म्हणजे येणाऱ्या सिग्नलिंग मेसेजची नोंद, चालू करा आणि मोबाइलवरून १४५ ला फोन लावा. पीआरआय असेल तर सेटअप मेसेजमधला कॉल्ड पार्टी नंबर, म्हणजे फिरवलेला नंबर, बघा, सिप असेल तर इनव्हाइट, म्हणजे कॉल सुरू करणारा मेसेज. सगळा खेळ इथे आहे. एक कंपनी शेवटचे तीनच आकडे पाठवते. दुसरी सहा. तिसरी कोडसकट दहा, म्हणजे २१३५ पासून सुरू. चौथी पुढे ९१ लावते, पाचवी अधिक चिन्हासकट ९१, आणि एखादी ०२१३५ असं शून्यासकट. कंपनीच्या सेल्सवाल्याला विचारलंत तर तो ‘स्टँडर्ड आहे सर’ म्हणेल. फॉर्मवर सहा लिहिलेले असतात आणि ट्रेसमध्ये दहा दिसतात. पीबीएक्सला तुम्ही ‘१४५ आला तर २४५’ सांगितलेलं असतं, येतात दहा आकडे, नियम जुळत नाही आणि कॉल कुठेतरी तिसरीकडेच पडतो किंवा कटतो. डीआयडी चालत नाही अशा तक्रारींतल्या बहुतेक इथेच सुटतात.

मोबाइलवरून एक, चाकणच्याच लँडलाइनवरून एक, आणि जमलं तर परदेशातून एक असे तीन वेगवेगळे कॉल घेऊन बघा. एकाच ट्रंकवर दोन तऱ्हेने नंबर येताना दिसू शकतो. म्हणून पूर्ण नंबर जुळवण्यापेक्षा शेवटून मोजा. ॲस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरमध्ये एक्स्टेन (आलेला नंबर) या व्हेरिएबलला उणे दोनचा ऑफसेट दिला की शेवटचे दोन आकडे हातात येतात, पुढून काहीही आलं तरी फरक पडत नाही. डब्यातल्या पीबीएक्समध्ये ‘अमुक आकडे काढा, अमुक जोडा’ असा तक्ता असतो, तिथे प्रत्येक तऱ्हेसाठी एक ओळ लिहा. पीआरआयवर आणखी एक बघा: पीबीएक्स चार आकड्यांची वाट बघतोय आणि एक्सचेंजने तीनच पाठवलेत, असं असेल तर प्रत्येक कॉल काही सेकंद मुका राहून मग वाजतो. लोक म्हणतात ‘लाइन स्लो आहे’. लाइन स्लो नसते, पीबीएक्स न येणाऱ्या आकड्याची वाट बघत असतो.

सिपमध्ये एक खास खोड आहे. इनव्हाइटच्या पहिल्या ओळीत, म्हणजे रिक्वेस्ट यूआरआयमध्ये, काही कंपन्या प्रत्येक कॉलला पायलट नंबरच टाकतात आणि खरा फिरवलेला नंबर खाली टू हेडरमध्ये देतात. पीबीएक्स पहिली ओळ वाचतो, त्यामुळे कुणीही कोणताही नंबर फिरवला तरी रिसेप्शनच वाजतं. तुमच्याकडे हे झालं तर तक्त्यात शोधू नका, ट्रेसमध्ये त्या दोन ओळी एकाखाली एक ठेवून बघा. ॲस्टरिस्कवर चालणाऱ्या फ्रीपीबीएक्समध्ये यासाठी फ्रॉम-पीएसटीएन-टूहेडर नावाचा तयार कॉन्टेक्स्ट (नियमांचा संच) आहे, ट्रंकला तो लावला की काम होतं. दुसऱ्या पीबीएक्समध्ये ‘डीआयडी कुठून घ्यायचा’ असा पर्याय ट्रंकच्या पानावर शोधा.

आवाज एकाच बाजूने येत असेल तर त्याचा डीआयडीशी संबंध नाही, पण याच दिवशी ते तुमच्या गळ्यात पडणार म्हणून सांगतो. कंपनी सिग्नलिंगचा एक आयपी देते आणि आवाज पुष्कळदा दुसऱ्याच आयपीवरून येतो. पीबीएक्सचा डीफॉल्ट गेटवे इंटरनेटकडे असतो, त्यामुळे सिग्नलिंगसाठी स्टॅटिक रूट (हाताने ठरवून दिलेला मार्ग) टाकलेला असतो आणि मीडियासाठी, म्हणजे आवाजासाठी, टाकायचा राहतो. दोन्ही रेंज लेखी मागा, दोन्हींचे रूट टाका आणि राउटरमधलं सिप एएलजी (सिपच्या मेसेजमध्ये फेरफार करणारी सोय) बंद करा. पीआरआय असेल तर क्लॉक, म्हणजे दोन्ही टोकांना जुळवणारी वेळेची लय, नेटवर्ककडून घ्या, पीबीएक्सने स्वतःचं क्लॉक चालवलं की बोलताना टकटक येते.

आता कॉल योग्य टेबलावर वाजला, पण माणूस जागेवर नाही. याचा विचार न करता डीआयडी चालू केलं की महिन्याभरात ग्राहक म्हणू लागतात, ‘तुमच्याकडे फोनच उचलत नाहीत, पूर्वी निदान रिसेप्शनिस्ट तरी बोलायची.’ आपल्याकडे एक घंटी तीन सेकंदांची असते. वीस सेकंद, म्हणजे सहा-सात घंट्या झाल्या की कॉल विभागाच्या ग्रुपवर जाऊ द्या, तिथे आणखी पंधरा सेकंद, आणि मग रिसेप्शन. रिसेप्शनच्या फोनवर ‘२४५ वरून आलेला’ असं दिसायला हवं, म्हणजे तिला ‘कोण हवंय?’ असं सुरुवातीपासून विचारावं लागत नाही. व्हॉइसमेल लावायचंच असेल तर रात्री लावा. दिवसा कामाच्या वेळी मशीन बोलायला लागलं की आपल्या लोकांपैकी बहुतेक जण निरोप न ठेवता फोन ठेवतात.

मोबाइलवर फॉरवर्ड करण्यात एक फट आहे. सर्व्हिस इंजिनिअरचा मोबाइल बंद असेल तर ‘आप जिससे संपर्क करना चाहते हैं’ ही रेकॉर्डिंग बाहेरच्या ग्राहकाला ऐकू येत राहते, पीबीएक्सला वाटतं अजून घंटी चाललीय, आणि कॉल परत ग्रुपवर येतच नाही. फॉरवर्डलाही वीस सेकंदांची मर्यादा घाला. नंबरापुढे शून्य लावायला विसरू नका: १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना शून्य लावावंच लागतं, आणि बाहेरच्या लाइनीसाठी तुमचं स्वतःचं शून्य वेगळं. फॉरवर्डच्या खान्यात दोन शून्यं नसतील तर कॉल जाणार नाही.

रिकामे ठेवलेले १७१ ते १९९ कुठे जातील हेही ठरवा. नियम नसलेल्या नंबरावर कॉल आला की पीबीएक्स ‘नंबर अस्तित्वात नाही’ असं उत्तर एक्सचेंजला देतो आणि ग्राहकाला वाटतं कंपनी बंद पडली. शेवटी एक सरसकट नियम ठेवा: जे जुळलं नाही ते सगळं रिसेप्शनला. सोडून गेलेल्या माणसाचा नंबर वर्षभर तरी दुसऱ्या कुणाला देऊ नका, तोही विभागाच्या ग्रुपवर वळवा.

बाहेर जाणाऱ्या कॉलवर कोणाचा नंबर दिसावा? २४५ वरून केलेल्या कॉलवर १४५ दिसायला हवा, म्हणजे समोरचा परत फोन करेल तो बरोबर त्याच टेबलावर येईल. त्यासाठी पीबीएक्सने कॉलिंग नंबर पूर्ण आणि कंपनीला हव्या त्या रूपात पाठवायचा असतो. तुमच्या गठ्ठ्याबाहेरचा किंवा चुकीच्या रूपातला नंबर पाठवलात तर कंपनी तो फेकून पायलट लावते किंवा कॉलच अडवते. सगळ्या कॉलवर पायलटच दिसतोय अशी तक्रार आली तर कारण हेच. दुसऱ्या कुणाचा नंबर दाखवण्याची युक्ती कुणी सुचवली तर त्याला दारातूनच परत पाठवा, टेलिकम्युनिकेशन कायदा, २०२३ खाली ओळख क्रमांकाशी छेडछाड हा गुन्हा आहे. फॉरवर्ड केलेल्या कॉलवर मूळ ग्राहकाचा नंबर न दिसता तुमच्या ऑफिसचा दिसतो, तोही कंपनीच्या याच गाळणीमुळे. इंजिनिअर लोकांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते ऑफिसचा फोन समजून उचलणार नाहीत.

मिस्ड कॉलवरून परत फोन करण्याची सोय सुरू होणं ही लोकांना सगळ्यात आवडणारी गोष्ट, आणि तीच पहिल्या दिवशी मोडलेली असते. येणारा कॉलर आयडी बहुधा दहा आकडी येतो, पुढे शून्य नाही. फोनच्या यादीतून तो दाबला की पीबीएक्स त्याला आतला नंबर समजतो आणि ‘चुकीचा नंबर’ म्हणतो. येताना देशांतर्गत कॉलच्या आयडीला बाहेरच्या लाइनीचं एक शून्य आणि ट्रंकचं एक शून्य लावून घ्या. पीआरआयवर नंबराचा प्रकार, म्हणजे नॅशनल की इंटरनॅशनल, वेगळा कळतो. त्यावरून परदेशी नंबरांना तीन शून्यं लावता येतात.

डीआयडीच्या शेजारी मेनूत डीआयएसए असं एक नाव दिसेल. ते बंद करा. त्यात बाहेरचा माणूस फोन करून, पासवर्ड देऊन, तुमच्याच ट्रंकवरून पुन्हा बाहेर कॉल लावू शकतो. चार आकडी पासवर्ड फोडायला एक रात्र पुरते आणि सकाळी परदेशी कॉलचं बिल तयार असतं. आयएसडी ट्रंकवरच कंपनीकडून बंद ठेवा, ज्या दोघांना लागते त्यांनाच पिनसह द्या. पीबीएक्सचा सिप पोर्ट कंपनीच्या आयपीशिवाय कुणालाही उघडा ठेवू नका.

बदल शनिवारी दुपारनंतर करा. आठ जुन्या लाइनींपैकी मेन नंबरची लाइन सोडू नका, एक्सचेंजकडून ती नव्या पायलटवर फॉरवर्ड करून निदान वर्षभर चालवा, कारण तो नंबर ग्राहकांच्या जुन्या पीओंवर (खरेदीच्या ऑर्डरींवर) छापलेला आहे. आणखी एक लाइन साध्या फोनवर सिक्युरिटी गेटला ठेवा. तुमच्या रस्त्यावर जेसीबी सतत चालू असतो आणि फायबर तुटला की शंभरच्या शंभर नंबर एकदम मुके होतात. ट्रंक बंद पडल्यावर पायलट एका मोबाइलवर वळवण्याची सोय कंपनीकडून लेखी घ्या आणि त्या शनिवारीच फायबरची वायर स्वतः उपसून ती चालते का बघा. उरलेल्या सहा लाइनी दोन महिन्यांनी बंद करा.

कार्डं मात्र सगळ्यात शेवटी छापा. शेवटचे तीन आकडे १०० ते १७० एकेक करून मोबाइलवरून फिरवा, कोणता फोन वाजला ते तक्त्यावर टिक करत जा. छापताना +९१ नंतर ०२१३५ नाही, नुसतं २१३५ लिहा. शून्यासकट छापलेला नंबर परदेशातून लागत नाही.